गेजमध्ये बसतं, पिस्तुलात अडतं : घरी भरलेल्या ९ मिमी काडतुसांचं जुनं दुखणं

लक्षण असं. काडतूस मापाच्या साच्यात, म्हणजे गेजमध्ये, नीट बसलेलं असतं. स्टेज (मॅचमधली एक फेरी) छान चाललेली असते. रायफलने लांबचे पत्रे पाडून झालेले असतात, सेफ्टी लावून रायफल पिंपात ठेवलेली असते, पिस्तूल हातात येतं, दोन-चार गोळ्या जातात आणि मग ट्रिगर दाबला तर काहीच होत नाही. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पूर्ण मिटलेली नसते. एखाद मिलिमीटरची फट, कधी त्याहूनही कमी. मागून तळहाताचा फटका मारला की कधी मिटते, तर कधी काडतूस असं रुतून बसतं की स्लाइड पुढेही जात नाही नि मागेही येत नाही. टायमर चालूच असतो.

अशा वेळी रेंजवरचा पहिला अनुभवी माणूस सल्ला देतो, ‘क्रिंप वाढव’, म्हणजे गोळीभोवती पुंगळीचं (काडतुसाच्या पितळी नळकांड्याचं) तोंड आणखी आवळ. दुसराही तेच सांगतो. मग घरी जाऊन क्रिंपची डाय (आवळणारा साचा) पाव फेरा खाली घेतली जाते. पुढच्या मॅचला अडणं जरा कमी होतं, म्हणून आणखी पाव फेरा. माझं म्हणणं इतकंच की काडतूस अडायची निदान पाच वेगवेगळी कारणं आहेत आणि क्रिंप हे त्यातलं फक्त एक. बाकीच्यांवर क्रिंप आवळत गेलात तर मूळ दुखणं तसंच राहतं आणि वर नवं जडतं. काडतूस नेमकं कुठे घासतंय ते आधी बघा. त्याला एक काळा मार्कर पुरतो.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात : मल्टी-गन म्हणजे रायफल, पिस्तूल आणि शॉटगन या तिन्हींनी, बऱ्याचदा एकाच स्टेजमध्ये, धावत-पळत मारलेली नेमबाजी. वेळ आणि अचूकता दोन्ही मोजतात. १९७६ साली मिसुरीतल्या कोलंबिया गावी आयपीएससी ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, त्या ‘प्रॅक्टिकल’ नेमबाजीच्याच घराण्यातला हा प्रकार. यात गोळ्या इतक्या लागतात की पिस्तुलाची काडतुसं घरी भरणं हा जवळपास सगळ्यांचाच जोडधंदा होऊन बसतो. पैसे वाचतात म्हणून सुरुवात होते, पण खरं कारण पुढे कळतं. आपल्या पिस्तुलाला सोसेल, कमी उसळेल आणि तरी नियमात बसेल असं काडतूस दुकानात सहसा मिळत नाही.

कायद्याचं एकदाच सांगतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. राज्याचे नियम वेगळे असू शकतात, ते बघून घ्या. मात्र एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर आधी थांबा. बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर बंदूकच काय, काडतूससुद्धा बाळगता येत नाही, आणि रेंजवर मित्राची बंदूक हातात घेणंही त्यात येऊ शकतं. आपल्या मंडळींत हे माहीत नसलेले बरेच आहेत. भारतातून वाचणाऱ्यांनी हे वाचनापुरतंच ठेवावं. शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा गुन्हा आहे. तसंही तिकडच्या ऑलिंपिक प्रकारांत हा प्रश्न येत नाही. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं, ती रायफल पॉइंट २२ रिमफायरची असते. तिची पुंगळी पुन्हा भरायची नसतेच, तिथे कारखान्याच्या वेगवेगळ्या लॉटमधून आपल्या नळीला मानवणारा लॉट शोधतात.

आधी बंदुकीला निर्दोष ठरवा

त्याच पिस्तुलात, त्याच मॅगझिनमधून कारखान्याची पन्नासेक काडतुसं मारून बघा. तीही अडत असतील तर प्रेसला, म्हणजे काडतुसं भरायच्या यंत्राला, हात लावू नका. चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) घाण असेल, मॅगझिनचे ओठ वाकले असतील, किंवा रिकॉइल स्प्रिंग दमली असेल.

स्प्रिंगचा मुद्दा जरा खोलात जाण्यासारखा आहे, कारण तो स्पर्धकांनाच जास्त नडतो. हलकी काडतुसं भरली की पिस्तूल नीट फिरावं म्हणून आपण हलकी स्प्रिंग घालतो. स्लाइड मागे न्यायचं काम सोपं होतं खरं, पण तीच स्प्रिंग स्लाइड पुढे ढकलून मिटवते. हलक्या स्प्रिंगला जरासं जाड काडतूस चेंबरमध्ये रेटायला जोर उरत नाही. कारखान्याच्या स्प्रिंगवर तेच काडतूस निमूट आत गेलं असतं. म्हणून ‘मित्राच्या पिस्तुलात माझी काडतुसं चालतात’ याला फारसा अर्थ नाही. स्प्रिंग बदलणाऱ्याला काडतूसही नेमकं लागतं.

रेंजवर काडतूस रुतलं तर बोट ट्रिगरबाहेर, नळी लक्ष्यांच्या दिशेला, आणि आरओला (रेंज ऑफिसरला) सांगा. एआर-१५ रायफलचा दस्ता जमिनीवर आपटून बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) उघडायची एक पद्धत आहे. ती आरओच्या देखरेखीशिवाय करू नका. रुतलेलं जिवंत काडतूस घेऊन घरी तर मुळीच जाऊ नका.

नळी काढून टेबलावर

पिस्तूल रिकामं करा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, मग नळी बाहेर काढा. बाकीचं पिस्तूल दुसऱ्या खोलीत. टेबलावर फक्त स्वच्छ पुसलेली नळी आणि संशयित काडतुसं. जोडलेल्या पिस्तुलात जिवंत काडतूस भरून घरी ‘बसतंय का’ बघायची सवय काहींना असते. ती आजपासून बंद.

नळी तोंड खाली करून धरा आणि काडतूस वरून सोडा. ‘टक्’ असा स्वच्छ आवाज यायला हवा. बूड नळीच्या मागच्या ओठाशी समपातळीत हवं. बोटाने फिरवलं तर सहज फिरायला हवं, आणि नळी उलटी केली की आपल्या वजनाने पडायला हवं. चारही गोष्टी झाल्या तर पास. यातली फिरवायची पायरी लोक गाळतात आणि नेमका तिथेच घात होतो, कारण गोळी नळीच्या आतल्या पिळाच्या खाचांना हलकेच टेकत असेल तर काडतूस बसल्यासारखं दिसतं, पण फिरताना अडखळतं.

जे नापास झालं ते गोळीच्या टोकापासून बुडापर्यंत मार्करने काळं करा. शाई वाळू द्या. पुन्हा चेंबरमध्ये घाला, बोटाने जरा दाबून अर्धा फेरा फिरवा, बाहेर काढा. जिथली शाई खरवडली गेली तिथे दोष. प्रेसवरची कुठली डाय हलवायची हे आता ठरवता येतं.

शाई गोळीवर खरवडली असेल

म्हणजे काडतूस या नळीसाठी लांब आहे. गोळीचा फुगीर भाग खाचांना टेकतोय. लांबीबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. सामी या मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने ९ मिमीची कमाल लांबी १.१६९ इंच दिली आहे, तेव्हा त्याच्या आत असलं की झालं, असं लोक समजतात. तसं नाही. गोळीचा आकार बदलला की तीच लांबी एका नळीत चालते आणि दुसरीत अडते. सीझेडच्या पिस्तुलांचे घसे (चेंबर आणि खाचा यांच्या मधली जागा) आखूड असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी ग्लॉकवाल्या मित्राचा आकडा घेऊन लोक सीझेडसाठी भरतात. चपट्या नाकाची १४७ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी रुंद खांद्यांची असते. ती गोल नाकाच्या १२४ पेक्षा खूप आधी टेकते.

आपला आकडा आपणच काढायचा. बंदुकीची दारू नाही, प्रायमर (ठोका बसला की पेटणारी बुडातली टोपी) नाही, अशी नुसती पुंगळी साइझ करून, म्हणजे साइझिंग डायमध्ये दाबून मापात आणून, त्यात गोळी मुद्दाम लांब बसवा. मग थोडी थोडी आत ढकलत प्रत्येक वेळी नळीत फिरवून बघा. जिथे पहिल्यांदा मोकळी फिरली ती हद्द. तिथून आणखी १५ थाऊ, म्हणजे ०.०१५ इंच, आत या. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर (एका ओढीत सगळी कामं करणाऱ्या यंत्रावर) लांबी प्रत्येक काडतुसाला थोडी हलते, त्यासाठी एवढी जागा लागते.

आता इथे लक्ष द्या. ९ मिमीच्या पुंगळीत जागा मुळातच कमी. गोळी आत गेली की ती आणखी घटते आणि दाब भराभर चढतो. लांबी कमी केलीत तर आधीचं दारूचं माप रद्द समजा. दारू बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकेतल्या सुरुवातीच्या मापाला परत जा आणि तिथून पायरी-पायरीने वर या. वेगही पुन्हा मोजा, कारण पॉवर फॅक्टर, म्हणजे गोळीचं वजन आणि वेग यांचा गुणाकार, बदलतो. १२४ ग्रेनची गोळी सेकंदाला १०३० फुटांनी गेली तर गुणाकाराला हजाराने भागून १२७.७ येतात. युएसपीएसए या अमेरिकी प्रॅक्टिकल नेमबाजी संघटनेच्या नियमांत मायनरला (कमी जोराच्या गटाला) किमान १२५ लागतात आणि त्याखाली गेलात तर मॅच मारता येते, पण गुण मिळत नाहीत. अगदी १२५.५ वर भरणारे महाभाग असतात. थंडीतल्या सकाळी क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) त्यांचे चेहरे बघावेत.

शाई तोंडावर खरवडली असेल

हा खरा क्रिंपचा रुग्ण. गोळी बसावी म्हणून आपण पुंगळीचं तोंड जरा फाकवतो. टेपर क्रिंपचं काम ते फाकवलेलं तोंड परत सरळ करणं, इतकंच. गोळीला धरून ठेवायचं काम पुंगळीची भिंत करते, म्हणजे साइझिंग डाय करते. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे घोळ संपतात.

मापाचं गणित सोपं आहे. भिंतीची जाडी साधारण ११ थाऊ, दोन बाजूंच्या २२, त्यात गोळीचे ३५५ मिळवा : ०.३७७ इंच. कोटिंगवाली शिशाची गोळी ०.३५६ ची असते, तिथे ०.३७८. सामीची तोंडाजवळची कमाल ०.३८० आहे. व्हर्नियरच्या जबड्याची पातळ धार अगदी तोंडाच्या कडेवर धरून मोजा. जबडा खाली सरकला तर माप चुकतं आणि मग माणूस उगाच डाय फिरवतो.

जास्त आवळलं तर काय होतं? ९ मिमीचं काडतूस चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडावर टेकून उभं राहतं. तोंडच आत वळलं तर टेकणार कशावर? शिवाय पितळ आवळल्यावर थोडं परत उसळतं, शिसं उसळत नाही. म्हणजे जास्त क्रिंपने गोळी बारीक होते आणि पकड उलट ढिली पडते. ढिली गोळी मॅगझिनमधून वर येताना चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर आपटून आत सरकते आणि पुन्हा तो दाबाचा प्रश्न येतो. एक काडतूस मोजा, गोळीचं नाक टेबलाच्या कडेवर अंगठ्याने जोर लावून दाबा, परत मोजा. लांबी घटली तर पकड कमी आहे आणि औषध साइझिंग डायकडे किंवा तोंड फाकवणाऱ्या पावडर फनेलकडे आहे. मग हातोड्याच्या पुलरने एक गोळी उपसून बघा. कोटिंगवर पुसट वळ चालेल. कोटिंग कापलं गेलं असेल तर क्रिंप जास्त झालाय, नळीत शिसं बसणार आणि नेमही फाकणार.

शाई मधेच, एकाच बाजूला खरवडली असेल

गोळी तिरकी बसली आहे. उजेडात धरलं तर पुंगळीच्या एका बाजूला गोळीच्या बुडाचा उंचवटा दिसतो. सगळीकडून सारखी बारीक कंबर दिसत असेल तर तो दोष नाही, पकड चांगली असल्याची ती खूण आहे.

तिरकेपणाचं मूळ बहुधा तोंड कमी फाकवण्यात असतं. पितळ जास्त दिवस टिकावं म्हणून लोक तोंड अगदीच कमी उघडतात. सपाट बुडाची गोळी त्यावर डुगडुगते, प्लेट फिरताना कलंडते आणि डाय तिला तशीच आत दाबते. गोळी नुसती ठेवल्यावर सरळ उभी राहील इतकं तोंड उघडा. सीटिंग डायमधला दांडा गोळीच्या नाकाच्या आकाराचा आहे का तेही बघा. गोल नाकाचा दांडा चपट्या गोळीवर कडेने दाबतो, त्यातून तिरकेपणा येतो आणि लांबीही हलते.

गोळी बसवणं आणि क्रिंप एकाच डायमध्ये करत असाल तर दोन वेगळ्या डाय घ्या. गोळी अजून खाली जात असतानाच तोंड आवळायला लागतं आणि कोटिंगची बारीक कडी सोलून तोंडाशी जमते. ती कडीसुद्धा काडतूस अडवते.

१४७ ग्रेनवाल्यांसाठी आणखी एक. ही गोळी लांब, तिचं बूड पुंगळीत खोल जातं. काही बनावटींच्या पुंगळ्यांची भिंत खाली लवकर जाड होत जाते, तिथे गोळी शिरली की बाहेर सगळीकडून फुगवटा येतो. सगळं बरोबर करूनही बुडावर ठरावीक शिक्का असलेल्याच पुंगळ्या नापास होत असतील तर त्या शिक्क्याच्या वेगळ्या काढा.

शाई बुडाजवळ खरवडली असेल

रेंजवरून गोळा केलेल्या पुंगळ्यांचा हा रोग. ज्या पिस्तुलांचे चेंबर बुडापाशी मोकळे असतात किंवा जिथे ९ मिमी मेजर (जास्त जोराच्या गटासाठी भरलेलं) मारतात, तिथली पुंगळी खाली फुगलेली असते. साइझिंग डायच्या तोंडाला पुंगळी आत शिरावी म्हणून गोलाई असते आणि खाली शेलप्लेट (पुंगळ्या धरणारी फिरती चकती) असते, त्यामुळे शेवटचा भाग डायच्या हाती लागतच नाही. तो क्रिंपने कसा बसेल?

आधी डाय पुरेशी खाली आहे का बघा. प्रेसच्या पाचही स्टेशनांवर पुंगळ्या ठेवून प्रेसचा दांडा पूर्ण ओढा आणि डायच्या आणि प्लेटच्या मधून उजेड दिसतो का ते वाकून बघा. रिकाम्या प्रेसवर टेकलेली डाय भरल्या प्रेसवर उचललेली निघते, कारण भार आला की प्लेट किंचित कलते. एवढ्याने भागलं नाही तर थोडी कमी व्यासाची साइझिंग डाय मिळते. हजारांनी भरणारे रोल-साइझर वापरतात. तो पुंगळी दोन पृष्ठभागांच्या मध्ये लाटून बुडापर्यंत सरळ करतो. यंत्र महाग आहे, पण क्लबमध्ये कोणाकडे तरी असतं.

पुंगळ्या चाळताना आत डोकावायची सवय लावा. काही ९ मिमी पुंगळ्यांच्या आत पायरी असते, अशा पुंगळ्या त्या पायरीपाशी तुटू शकतात. त्या थेट भंगारात. दिसायला तशाच, पण आखूड असलेल्या पॉइंट ३८० च्या पुंगळ्याही हमखास मिसळलेल्या असतात.

बुडाच्या कडेवरच, एखाद्या ठिपक्यापुरती शाई गेली असेल तर ती एक्सट्रॅक्टरने (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याने) ओरखडून वर आलेली बारीक कड आहे. अशी काडतुसं गेजमध्ये नापास होतात आणि नळीत पास. सरावाला वापरा.

मग गेज कशाला?

गेज हवंच, पण त्याला काय कळतं आणि काय नाही ते माहीत हवं. बहुतेक केस गेज पुंगळीच्या तोंडापर्यंतच नेमके कापलेले असतात. पुढे मोकळं भोक, त्यात खाचा नाहीत. म्हणून गोळी लांब असेल तर गेज ‘पास’ म्हणतो आणि पिस्तूल अडतं. शीर्षकातलं दुखणं बहुतेकदा हेच निघतं. नवी गोळी, नवी लांबी किंवा नवी नळी असेल तेव्हा नळी हाच गेज. एकदा जमलं की मग शंभर भोकांचा गेज घ्या आणि मॅचची सगळी काडतुसं त्यातून काढा. सरावाची मधूनमधून तपासली तरी चालतं.

काडतुसं गेजमध्ये बूड वर ठेवून उभी असतात, तेव्हाच प्रायमरवरून बोट फिरवा. प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा दोन-चार थाऊ खाली हवा. वर आलेला बोटाला लगेच लागतो. पहिल्या ठोक्याला न फुटता दुसऱ्याला फुटणाऱ्या काडतुसांचं गूढ बरेचदा इथेच सुटतं.

रायफलचं गणित वेगळं

पॉइंट २२३ चं काडतूस खांद्यावर, म्हणजे पुंगळी मानेकडे निमुळती होते तिथे, टेकतं, त्यामुळे वरचं सगळं तसंच्या तसं लावू नका. मार्करची युक्ती तेवढी चालते. शाई खांद्यावर गेली असेल तर साइझिंगमध्ये खांदा पुरेसा मागे ढकलला गेलेला नाही. आपल्या रायफलमधून उडालेल्या पुंगळीपेक्षा ३-४ थाऊ मागे, असं सेमी-ऑटोसाठी धरतात. मापायला कंपॅरेटर (खांद्यापर्यंतचं अंतर मोजायचं साधन) लागतो, अंदाजाने हे होत नाही. पुंगळीची लांबी १.७६० इंचाच्या वर गेली तर मान चेंबरच्या टोकात चिमटली जाते आणि गोळीला सुटायला जागा राहत नाही. हा अडण्यापेक्षा कितीतरी गंभीर प्रकार आहे. १.७५० ला छाटा.

लपून बसणारा दोष क्रिंपचाच, पण इथे तो उलटा काम करतो. पुंगळ्या कमी-जास्त लांबीच्या असतील तर लांब पुंगळीवर क्रिंप डाय जोरात दाबते आणि मानेखालचा खांदा किंचित फुगतो. डोळ्यांना दिसत नाही. बोल्ट मात्र मिटत नाही, आणि मिटला तर न उडालेलं काडतूस बाहेर निघत नाही. एआरची फायरिंग पिन मोकळी तरंगती असते, बोल्ट मिटताना ती प्रायमरला हलकी टिचकी मारते, म्हणून इथे वर आलेला प्रायमर मुळीच चालवून घ्यायचा नाही. लष्करी पुंगळ्यांच्या प्रायमर-कप्प्याची आवळलेली कड आधी काढावी लागते. ती राहिली की प्रायमर वरच राहतो.

शॉटगनची काडतुसं मी भरत नाही, विकत घेतो. स्वस्त पोलादी बुडाची काही काडतुसं चेंबरमध्ये चिकटतात, तेवढं आपल्या बंदुकीत तपासून घ्या.

नापास काडतुसांचा डबा वेगळा ठेवा आणि त्यावर कारण लिहा : गोळी, तोंड, मधला भाग, बूड. महिन्याभरात कुठला कप्पा भरतोय ते दिसतं आणि डाय कुठली हलवायची याचा वाद उरत नाही. सवड झाली की पुलरने गोळ्या उपसा. एकच बनावट, एकच डबा अशी पक्की खात्री नसेल तर त्यातली दारू परत बाटलीत ओतायची नाही. रंगावरून आणि दाण्यांवरून दारू ओळखता येते असं म्हणणारे भेटतील, रेंजवर त्यांच्या शेजारी उभं राहू नका.